तळे, तारे आणि सारस: विदर्भातली पर्यावरणाची शाळा

पौर्णिमेच्या रात्री आठच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या गजबजलेल्या चौकात तरुण मुलामुलींचा गट दुकानादुकानांत फिरताना दिसतो. "काका, तासभर जादाचे दिवे बंद ठेवता का?" एवढीच त्यांची विनंती असते. काही दुकानदार लगेच बटण दाबतात, काही आधी कारण विचारतात. मग कोळसा, औष्णिक वीज केंद्रे, राख आणि विजेचे बिल यांवर दोन मिनिटांचा संवाद होतो. ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही संस्था आणि नागपूर महापालिका यांचा हा 'पौर्णिमा दिवस'. माजी महापौर प्रा. अनिल सोले यांच्या पुढाकारातून तो सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला.

तासाभरात किती वीज वाचते, हा या उपक्रमाचा छोटा भाग. मोठा भाग त्या दोन मिनिटांच्या बोलण्याचा आहे. नागपूरच्या आसपास कोराडी आणि खापरखेडा इथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. राखेचा आणि धुराचा प्रश्न त्या परिसरातल्या गावांना रोजचा आहे. शहरातला दिवा आणि तिथली राख यांचा संबंध चौकात उभे राहून समजावला, की तो परीक्षेपुरता राहत नाही.

पर्यावरण हा विषय आपल्या शाळांमध्ये नाही असे मुळीच नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. आपल्याकडे प्राथमिक वर्गांत 'परिसर अभ्यास' आहे, पुढे पर्यावरणाचे प्रकल्प आहेत. अडचण अशी, की बरेचदा प्रकल्पाची वही बाजारातून चित्रे आणून भरली जाते, पाच जूनला रोप लावून छायाचित्र काढले जाते आणि मे महिन्यात ते रोप जगले का, हे कुणी बघत नाही. १९७७ साली तिबिलिसी इथे भरलेल्या जागतिक परिषदेने पर्यावरणशिक्षणाची उद्दिष्टे मांडताना माहितीच्या बरोबरीने कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांना स्थान दिले होते. माहितीचे काम पाठ्यपुस्तक करते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी तळे, शेत, जंगल आणि मोहल्ला लागतो. त्या कशा शिकवता येतात, याची उत्तम उदाहरणे नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत आहेत.

सुरुवात नागपूरहून दोन तासांच्या आत पोचता येणाऱ्या सेवाग्रामपासून करावी लागेल. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम'ची कल्पना मांडली. हाताने केलेल्या उपयुक्त कामातून भाषा, गणित, विज्ञान शिकायचे, हा तिचा गाभा. त्याच विचारावर सेवाग्राममध्ये २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा चालते. तिथली मुले भाजीपाला पिकवतात, सूत काततात, स्वयंपाकात हात लावतात, परिसर स्वच्छ ठेवतात. वाफ्याचे क्षेत्रफळ काढताना गणित येते, कंपोस्ट कुजताना जीवशास्त्र येते. पर्यावरण नावाचा वेगळा तास नसला तरी चालेल, इतका तो विषय दिवसभराच्या कामात मुरलेला असतो.

शहरातल्या मुलांना असे शेत मिळत नाही, पण त्यांना सण मिळतात. नागपूरचा तान्हा पोळा हा तर मुलांचाच सण. लाकडी नंदी सजवून मुले घरोघरी जातात. त्याच दिवशी महालातून, इतवारीतून मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत या परंपरेला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत. मारबतींच्या सोबत निघणारे बडगे हे त्या त्या वर्षीच्या दुखण्यांवर बोट ठेवतात. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई यांचे पुतळे करून "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी देत ते गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे. समाजाला काय सलते आहे, हे हजारो लोकांसमोर मांडणारे हे लोकमाध्यम आहे. मोहल्ल्यातल्या शाळेने आणि मंडळाने मिळून तुंबलेल्या नाल्याचा किंवा प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा बडगा केला, तर त्यासाठी आधी नाल्यात काय काय वाहते याची पाहणी करावी लागेल, रंग आणि साहित्य निवडताना धुराचा विचार करावा लागेल. शिकण्याची एवढी संधी एका मिरवणुकीत आहे.

गणेशोत्सवाने हे करून दाखवले आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत, त्यांच्या रंगांतले जड धातू तळ्यात उतरतात. ही गोष्ट लेखांमधून अनेक वर्षे सांगितली गेली. नागपुरात बदल दिसू लागला तो स्वयंसेवक फुटाळ्यासारख्या तलावांच्या काठी उभे राहिले, निर्माल्य वेगळे घेऊ लागले आणि महापालिकेने वस्त्यावस्त्यांत कृत्रिम टाक्या ठेवल्या तेव्हा. बाप्पाला निरोप द्यायला आलेल्या कुटुंबाशी बोलताना आवाज चढवून चालत नाही, श्रद्धेचा मान ठेवावा लागतो. स्वयंसेवक म्हणून आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी तिथे रसायनशास्त्र शिकतात तसेच माणसांशी बोलायलाही शिकतात. चितारओळीतल्या मूर्तिकारांकडे जाऊन मातीची मूर्ती कशी घडते हे पाहणे, हा याच धड्याचा दुसरा भाग. मातीत हात घातलेले मूल घरी जाऊन वडिलांकडे मातीच्याच मूर्तीचा हट्ट धरते.

तलावांचा धडा नागपूरला निसर्गानेही दिला, आणि तो कठोर होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट अशा वस्त्यांत शिरले. माणसे दगावली, घरे चिखलाने भरली. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले असे सांगितले जाते, तिला कित्येक नागपूरकर 'नाला' म्हणून ओळखत होते. ती कुठून येते, तिचे पात्र किती रुंद होते, त्यावर काय काय बांधले गेले, हे प्रश्न त्या दिवसानंतर घराघरांत विचारले गेले. नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळालेली आहे. मात्र काठावरच्या शाळांतल्या मुलांनी उगमाकडून शहराकडे नदीच्या कडेने चालत जाऊन तिचा नकाशा काढला, कुठे सांडपाणी मिसळते त्याच्या खुणा केल्या, तर त्या प्रकल्पावर लक्ष ठेवणारे जाणते नागरिक तयार होतील.

शहरापासून उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पात शिक्षणाचा आणखी एक वेगळा प्रयोग झाला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ही मान्यता फक्त दुर्बीण बसवून मिळत नाही. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून प्रकाश जमिनीकडेच पडेल असे करावे लागले. गावकऱ्यांची साथ नसती तर हे घडले नसते. जादा उजेडाने काजव्यांचे मीलन बिघडते, रात्री स्थलांतर करणारे पक्षी भरकटतात, निशाचर प्राण्यांच्या हालचाली बदलतात. शहरातून आलेले मूल तिथे आकाशगंगेचा पट्टा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहते आणि काळोख हीसुद्धा जपण्याची गोष्ट आहे, हे त्याला समजते. नागपुरातला पौर्णिमा दिवस आणि पेंचमधला काळोख ही एकाच अभ्यासक्रमाची दोन पाने आहेत.

पूर्वेकडे भंडारा-गोंदियात गेले की गुरू आणि शिष्य यांच्या जागा बदलतात. इथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधले. धानाला पाणी आणि ढिवरांना मासे, अशी त्यांची व्यवस्था होती. मालगुजारी ही महसुलाची जुनी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले, देखभाल सुटली. बेशरम नावाची झुडपे माजली, गाळ साचला, बाहेरच्या जातींच्या माशांवर भर दिल्याने गावठी मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी हा प्रश्न हाती घेताना शिकवण्याआधी शिकायला सुरुवात केली. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर वाढते, हे ढिवर मच्छीमारांना ठाऊक होते. त्या माहितीची नोंद झाली, तिला शास्त्राची जोड मिळाली, आणि मग मच्छीमार संस्थांनी, महिलांच्या गटांनी बेशरम उपटून तळ्यात देशी वनस्पती लावल्या. मासे परतू लागले, पाणपक्षीही आले. ज्याचे पोट तळ्यावर आहे तोच त्या तळ्याचा प्राध्यापक, हे इथे मान्य झाले.

गोंदियातला सारस हीही अशीच गोष्ट आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेला हा क्रौंच महाराष्ट्रात जवळपास फक्त याच भागात उरला आहे. तो धानाच्या बांधीत घरटे करतो, म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या हातात असते. सावन बहेकार यांची 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांना आणि गावातल्या तरुणांना सोबत घेऊन घरट्यांवर लक्ष ठेवते, दरवर्षी सारसगणना करते. आपल्या शेतात सारसाचे घरटे आहे, याचा अभिमान वाटणारा शेतकरी कुठल्याही फलकापेक्षा प्रभावी ठरतो.

पक्षी आणि जंगल यांचे ज्ञान स्थानिक माणसांकडून घेण्याची ही वाट मारुती चितमपल्ली यांनी खूप आधी चोखाळली होती. वनखात्यात नोकरी करताना नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून, आदिवासी सोबत्यांकडून ते शिकत गेले आणि ते सारे त्यांनी मराठीत आणले. निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य अनेक वर्षे नागपुरात होते. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळायला सुरुवात केली.

शिक्षण खरोखर रुजले की ते निर्णयात उतरते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात लोक अभ्यासगट करून जंगल, कायदा, हिशेब यांचा अभ्यास करत आले आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे त्यामागे मोठे काम आहे. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला, तेव्हा ग्रामसभेने तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि टेंभराची (तेंदूची) फळे माणसांना व पाखरांना मिळत नाहीत, हा त्यामागचा विचार. हमखास रोख उत्पन्न सोडून बांबूवर भर देण्याचा हा निर्णय कुणी वरून लादला नव्हता.

या साऱ्या उदाहरणांत एक धागा स्पष्ट आहे. शिकणाऱ्याला आपल्याच परिसरातली एक नेमकी गोष्ट जबाबदारी म्हणून मिळाली, ती वर्षानुवर्षे त्याच्याकडे राहिली आणि तिच्याबद्दल निर्णय घेण्यात त्याला वाटा मिळाला. एकदिवसीय मोहिमांना ही कसोटी लावली तर त्यांतल्या बऱ्याच टिकणार नाहीत.

शाळांना यासाठी मोठा निधी लागत नाही. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. वर्गाच्या टिनाच्या छताखाली आणि मैदानातल्या कडुनिंबाच्या सावलीत रोज दुपारी तापमान मोजून फळ्यावर लिहिले, तर झाडाची किंमत मुलांना भाषणाशिवाय कळेल. एका वर्गाने एक झाड निवडून त्याची पालवी, फुलोरा, फळे यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि पुढच्या वर्षी ती वही खालच्या वर्गाकडे सोपवावी. वस्तीतल्या मासे विकणाऱ्या मावशींना, माळीकाकांना, मूर्तिकारांना वर्गात बोलावून त्यांचे ऐकावे. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास शाळेबाहेरच्या कामासाठी राखून ठेवावा आणि पालकांनी त्या तासाला 'अभ्यास बुडाला' म्हणू नये. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा रोपांची संख्या मोजण्याऐवजी गेल्या वर्षी लावलेली किती जगली, हे आधी मोजावे.