मोटारीचे गुन्हे आणि वैमानिकाची नोकरी

सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून नांदत आहेत. आजोबांनी मागावर पाळ्या केल्या, वडिलांनी कापडबाजारात हिशेब लिहिले, आणि नातू आता वैमानिक होऊ म्हणतो. यात नवल करण्यासारखे काही उरलेले नाही. डुमस रस्त्यावरील विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 17 डिसेंबर 2023 रोजी झाले. उड्डाण शिकावयाचे तर धुळ्याला सोय आहे, आणि धुळे म्हणजे यांतील कित्येकांचे आजोळ. मात्र अशा घरात एक शंका हमखास निघते. मुलाने स्कूटर वेगाने हाकल्याबद्दल दोन-चार वेळा दंड झालेला असतो, आणि उड्डाणाच्या शिक्षणासाठी लाखो रुपयांचे कर्ज काढण्यापूर्वी वडील विचारतात : पुढे विमान कंपनी याला घेईल ना?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण रस्त्यावरचे सगळे अपराध कायद्याच्या लेखी एका जातीचे नाहीत.

वैमानिकाच्या परवान्याकरिता मोटार चालविण्याचा परवाना लागतच नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वय, शिक्षण आणि प्रकृती पाहते, परीक्षा घेते, आणि व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण मागते. गंमत अशी की, सोळाव्या वर्षी मुलाला 50 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाची दुचाकी रस्त्यावर आणता येत नाही. पण विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना त्याच वयात मिळू शकतो!

हेल्मेट न घालणे, वेगमर्यादा ओलांडणे यांसारख्या अपराधांत 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 200 व्या कलमान्वये ठरलेली रक्कम भरून तडजोड करता येते, आणि ती भरली की त्या अपराधाबद्दल पुढे कारवाई चालत नाही. अशा पावत्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. त्या वेळेवर भराव्या आणि जपून ठेवाव्या, इतकेच.

मद्य पिऊन वाहन चालविण्याची गोष्ट निराळी. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की 185 वे कलम लागू होते. त्यात तडजोड नाही, न्यायालयातच उभे राहावे लागते. आणि पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुरतकरांच्या बाबतीत याहून एक पाऊल पुढे आहे. 1949 च्या मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातने टाकलेला नाही, आणि तेथे परवान्यावाचून मद्य पिणे हाच गुन्हा आहे. म्हणजे मुंबईत जो तरुण एका खटल्यात सापडेल, तो सुरतेत दोन खटल्यांत सापडू शकतो. एका बाजूला दमण आणि दुसऱ्या बाजूला नवापूर इतके जवळ असल्यामुळे हा प्रसंग केवळ कल्पनेतला नव्हे. बेदरकारपणे गाडी हाकून कोणाचा जीव घेतला, तर 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता हे विमान कंपनीपर्यंत पोहोचते कसे? वैमानिकाला विमानतळावर कामासाठी जावयाचे तर प्रवेशपत्र लागते. नागर विमानन सुरक्षा ब्यूरोच्या नियमांनुसार ते देण्यापूर्वी माणसाच्या पूर्वचारित्र्याची चौकशी होते. पोलिसांच्या दप्तरातला खटला तेथे वर येतो. शिवाय नोकरीच्या अर्जात खटल्यांविषयी प्रश्न असला, तर त्याखाली उमेदवाराला सही करावी लागते. माझ्या मते बहुतेकांचा घात अपराधापेक्षा या सहीनेच होण्याचा संभव अधिक. सरकारी नेमणुकांसंबंधी अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितले की, माहिती खरीच दिली पाहिजे. क्षुल्लक अपराध लपविला असला तर नोकरी देणाऱ्याला तो नजरेआड करता येईल, पण खरे सांगितल्यावरही नेमणूक केलीच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. खाजगी कंपनीला हा निर्णय जसाच्या तसा लागू नसला, तरी विचार करण्याची रीत तीच राहील.

मद्याविषयी विमान कंपन्या इतक्या हळव्या का, हेही समजून घ्यावयास हवे. रस्त्यावर कायदा थोडी मोकळीक ठेवतो. हवेत अजिबात नाही. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य, आणि श्वासाच्या तपासणीत आकडा शून्यच यावा लागतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत प्रथम दोषी ठरल्यास परवाना तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे निलंबित होतो, आणि तिसऱ्यांदा रद्दच. 2018 साली एअर इंडियाच्या उड्डाण विभागाच्या संचालकपदावरील वैमानिकालाही तीन वर्षांचे निलंबन चुकले नाही. मोटारीत हा संयम न पाळलेल्या उमेदवाराकडे कंपनीने दोनदा पाहिले, तर तिला दोष कसा द्यावा?

जी मुले उड्डाण शिकण्यासाठी अमेरिकेस जातात, त्यांना याहून कडक हिशेब द्यावा लागतो. तेथील परवाना असलेल्याने मद्यधुंद स्थितीत मोटार चालविल्याबद्दल झालेली शिक्षा, किंवा त्याच कारणाने झालेली मोटार-परवान्याची जप्ती, 60 दिवसांच्या आत विमान खात्याला लेखी कळवावी लागते. वैद्यकीय अर्जात ती पुन्हा वेगळी नोंदवावी लागते. एका ठिकाणी सांगितले म्हणून दुसरे चुकत नाही. तीन वर्षांत असे दोन वेगवेगळे प्रसंग घडल्यास वैमानिकाचा परवानाही जाऊ शकतो.

राहता राहिली अठरा वर्षांखालील मुले. त्यांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास 2019 च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि अपराध करणाऱ्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत मोटारीचा परवाना मिळत नाही. अशा मुलाला अठराव्या वर्षी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला, तरी विमानतळापर्यंत मात्र त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसूनच जावे लागेल.

ज्याच्यावर खटला झालेला आहे, त्याने निकालाची प्रमाणित प्रत काढून घ्यावी, आणि तीही उड्डाणशाळेचे पैसे भरण्यापूर्वी.