माडावर चढण्याचे दोर व त्यांच्या गांठी

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या नारळाच्या, सुपारीच्या किंवा आंब्याच्या बागा आहेत त्यांस पाड करणाऱ्या गड्यांची वाण दरसाल अधिक जाणवते. केरळांत नारळ विकास मंडळानें २०११ सालीं यंत्रानें माडावर चढण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला. तशीं यंत्रें आपल्याकडेही आलीं. परंतु यंत्र पायाला आधार देतें इतकेंच. पडणाऱ्याला धरतो तो दोर, आणि दोर टिकतो तो गांठीवर.

गेल्या हंगामांत आमच्या माहितीच्या एका बागेंत गड्यानें बाजारची पिंवळी दोरी छातीभोंवतीं घेऊन निरगांठ मारली. पुरुषभर उंचीवर त्यानें अंग टाकून पाहिलें तों गांठ सरकून सुटली. खालीं पेंढ्याची गंजी होती म्हणून निभावलें. या दोरीला लोक नायलॉन म्हणतात. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती गुळगुळीत व ताठ असून उन्हानें ठिसूळ होते. तिच्यांत गांठ नीट बसत नाहीं. भारा बांधावयास ती दोरी व ती निरगांठ दोन्ही ठीक. माणूस टांगावयास नव्हेत.

अमेरिकेंत हरणांचे शिकारी झाडाच्या खोडाला पट्ट्यानें लटकून तासन्‌तास बसतात. त्यांच्या शिकारीशीं आपणांस कर्तव्य नाहीं. पण त्यांची दोर बांधण्याची रीत घेण्याजोगी आहे.

खोडाभोंवतींचा फास भार येतांच आवळणारा पाहिजे. माडाला फांदी नसते, त्यामुळें सैल वेढ्यासकट माणूस बुंध्यापर्यंत घसरेल. सबब दोराच्या एका टोंकाला न सरकणारा डोळा करावा व दुसरें टोंक खोडाभोंवतीं नेऊन त्या डोळ्यांतून ओढून घ्यावें. चढतांना हा फास ढिला करून वर सरकवीत जावें. तो कमरेखालीं राहूं देऊं नये. माणसाच्या अंगाला मात्र असा सरकफास कधींही लावूं नये, कारण बरगड्या आवळून श्वास कोंडतो. पट्टाही नुसता कमरेचा नको, मांड्यांना धरणारा हवा.

डोळ्यासाठीं व पट्ट्याच्या कडीसाठीं आठाची गांठ सर्वांत बरी. आठ म्हणजे इंग्रजी आंकडा. आपल्या आठासारखी ती दिसत नाहीं. हातभर टोंक सोडून एकेरी आठ घालावा, टोंक कडींतून ओवावें व आलेल्या वाटेनेंच परत फिरवावें. दोर सर्वत्र जोडीनें समांतर दिसले म्हणजे गांठ बरोबर. चूक असल्यास खालून पाहणाऱ्यासही कळते. टोंक दोराच्या जाडीच्या निदान दहापट उरावें. कोणतीही गांठ दोराचें कांहीं बळ खातेच. हिच्यांत सुमारें पाऊण बळ शिल्लक राहतें.

उरली ती मधली गांठ. खोडाकडून येणाऱ्या दोरावर बारीक दोरीचें कडें तीनदां त्याच्या स्वतःतूनच ओवून गुंडाळलें व पट्ट्याला अडकविलें, म्हणजे तें मोकळेपणीं हातानें सरकतें आणि भार पडतांच दोराला चावून बसतें. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानें ही गांठ १९३१ सालीं प्रसिद्ध केली. मुख्य दोर ११ मिलिमीटरचा असल्यास कड्याची दोरी ६ ते ८ मिलिमीटरची घ्यावी; दोन्ही सारख्या जाडीच्या असल्यास पकड बसत नाहीं. वेढे एकमेकांवर चढलेले नसावे. ओल्या दोरावर ती सरकण्याचा संभव असतो, म्हणून एक वेढा वाढवून पाहावें. घसरतांना माणूस हाताला येईल तें पकडतो. पण नेमकी हीच गांठ मुठींत धरली तर ती पकड सोडते. गड्याला हें जमिनीवरच चार वेळां करून दाखवावें. दोराचें खालचें टोंकही आठाच्या गांठीनें पट्ट्याला बांधलेलें असावें, म्हणजे ही सरकली तरी तो आधार राहतो.

रोज चढण्यापूर्वीं गुडघाभर उंचीवर सारा भार टाकून प्रत्येक गांठ पाहावी. ज्या दोराला कोयता लागला, बॅटरीचें आम्ल लागलें किंवा ज्यानें एकदां पडणारा माणूस झेलला, तो गोठ्यांत लावावा. पुन्हां झाडावर नेऊं नये. पट्ट्यांत निश्चळ लोंबकळणाऱ्याची शुद्ध कांहीं मिनिटांतच हरपूं शकते. यासाठीं खालीं दुसरा गडी हवा, व शिडी आणि दुसरा दोर त्याच्या हाताशीं हवा.