सायकल शर्यतीपूर्वीचे अखेरचे पंधरा दिवस

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव महाराष्ट्रास चांगलेच परिचित आहे. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या मार्गात खोपोलीपर्यंतचा रस्ता बव्हंशी सपाट आहे. पुढे बोरघाट लागतो आणि लोणावळ्यापर्यंत स्पर्धकास सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढून जावे लागते. हा घाट प्रथम सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा मानाचा किताब देण्याची प्रथा रूढ झाली. अशा शर्यतीसाठी तरुण महिनोन् महिने सराव करतात. परंतु शर्यत आठवड्यावर आली की धीर सुटतो. राहून गेलेला सराव भरून काढण्यासाठी दररोज अधिक अंतर कापले जाते, आदल्या दिवशीही घाट चढून पाहिला जातो. परिणामी वर्षभराच्या परिश्रमाने कमावलेली ताकद शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंत पोहोचतच नाही.

सराव कमी, वेग कायम

सरावाने शरीर प्रथम थकते. बळकटी येते ती त्यानंतरच्या विश्रांतीत. कठोर सरावाचा लाभ अंगी लागण्यास एक-दोन आठवडे जावे लागतात. म्हणूनच अखेरच्या आठवड्यातील जादा मेहनतीने ताकद वाढत नाही, थकवा मात्र वाढतो. सहनशक्तीच्या खेळांविषयी झालेल्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की, सुमारे दोन आठवडे सरावाचे एकूण प्रमाण क्रमाक्रमाने 40 ते 60 टक्क्यांनी कमी करावे. मात्र सरावाचा वेग व जोर कमी करू नये, तसेच सरावाचे दिवसही फारसे घटवू नयेत. पूर्ण विश्रांती घेतल्यास पाय जड होतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

उदाहरणार्थ, आठवड्यास 300 किलोमीटर सायकल चालविणाऱ्याने पहिल्या आठवड्यात 200 व दुसऱ्या आठवड्यात 120 किलोमीटरच्या आसपास सराव ठेवावा. शेवटची खडतर चढण शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी उरकावी. दोन दिवस आधी विश्रांती घ्यावी आणि आदल्या दिवशी अर्धा तास हलकेच सायकल चालवून तीन-चार वेळा काही सेकंद जोरात पायडल मारावेत. तेवढे पुरेसे होते.

आहाराचे शास्त्र

1966 साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हुल्टमन या संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एका स्थिर सायकलीच्या दोन बाजूंस बसून प्रत्येकाने एकच पाय थकेपर्यंत चालविला व पुढील तीन दिवस कर्बोदकांनी युक्त आहार घेतला. स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासता श्रम केलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट आढळला. ग्लायकोजेन हेच जोरदार श्रमाचे मुख्य इंधन होय. ते संपले की घाटात पाय एकाएकी थांबतात.

त्यामुळे दीड तासाहून अधिक काळ चालणाऱ्या शर्यतीपूर्वी दीड-दोन दिवस शरीराच्या दर किलो वजनामागे किमान 8 ग्रॅम कर्बोदके रोज घेणे हितावह ठरते. 50 किलो वजनाच्या तरुणास 400 ग्रॅम लागतील. 300 ग्रॅम तांदळाचा भात, चार केळी व 100 ग्रॅम गूळ यांतून ती गरज भागते. त्यासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठते, त्यामुळे वजन किलोभर वाढल्यास घाबरू नये. तेलकट, तिखट व वातूळ पदार्थ या दिवसांत टाळावेत. यशासाठी उपवास धरण्याची श्रद्धा अनेक घरांत असते. तो उपवास शर्यत झाल्यावर फेडावा. शेवटचे जेवण शर्यतीपूर्वी तीन ते चार तास आधी घ्यावे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे.

झोप आणि सायकल

शर्यतीच्या आदल्या रात्री अनेकांस झोप लागत नाही. एका रात्रीच्या जागरणाने फारसे बिघडत नाही. परंतु त्यापूर्वीच्या आठवड्यातील झोप पूर्ण झालेली असली पाहिजे. लग्नसराई वा जत्रेतील जागरणे या काळात कटाक्षाने टाळावीत.

सायकलीची दुरुस्ती किमान तीन दिवस आधी करून तिच्यावर एक फेरी मारून पाहावी. ब्रेकचे रबर, टायर, साखळी व चाकांच्या आऱ्या तपासाव्यात. नवी सीट, नवे बूट किंवा नवा आहार यांची परीक्षा शर्यतीच्या दिवशी घेऊ नये. शिरस्त्राण नीट बसते की नाही, हेही पाहावे. कारण घाट चढताना दम लागतो, पण अपघाताचा धोका उताराला अधिक असतो.

मार्गदर्शकांची जबाबदारी

तालुका व जिल्हा पातळीवरील स्पर्धांसाठी मुलांची तयारी बहुधा शाळेतील शिक्षकच करून घेतात. सराव वाढविण्यास सांगणे त्यांना सोपे जाते. थांबण्यास सांगणे अवघड वाटते. मुलगा घरी बसलेला दिसला की गावकरी त्याला आळशी ठरवितात. अशा वेळी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांस हे शास्त्र समजावून द्यावे. शेतातील अवजड कामातून आठवडाभर सवलत मिळवून देणे, शर्यतीच्या मार्गावरील खड्डे आधी बुजविणे, वळणांवर स्वयंसेवक उभे करणे, ही कामे खर्चाची नाहीत. ताप, छातीत दुखणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर मात्र स्पर्धकास शर्यतीत उतरू देऊ नये. पुढील वर्षी शर्यत पुन्हा येईल. मुलाचे आरोग्य त्याहून मोलाचे आहे.