गजकर्णाचं वर्तुळ

जबलपुरात पावसाळा लागला की कपडे वाळता वाळत नाहीत. दमट कपडे तसेच अंगावर चढतात, आणि मग कुणाच्या कंबरेवर, कुणाच्या जांघेत लाल कडेचं एक वर्तुळ उमटतं. मराठी घरात ते गजकर्ण किंवा नायटा, शेजारच्या हिंदी घरात दाद. खाज अशी की चारचौघांत हात आवरत नाही, आणि लाज अशी की डॉक्टरलाही दाखववत नाही. मला मात्र या वर्तुळाचं मोठं नवल वाटतं. डोळे नसलेल्या बुरशीला इतका रेखीव गोल जमतो कसा?

या बुरशीचं अन्न म्हणजे केराटिन. आपली नखं, केस आणि कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर याच प्रथिनाचा बनलेला असतो. बुरशी त्या थरात एका जागी रुजते, विकर सोडून केराटिन विरघळवते आणि चहूबाजूंना साधारण सारख्याच वेगानं तंतू पसरवते. एव्हाना खालच्या जिवंत थराला तिचा सुगावा लागलेला असतो. तिथं सूज येते, नव्या पेशी भराभर वर येतात आणि जुन्या पेशी बुरशीसकट गळून पडतात. वाळल्या गवतातला वणवा मध्ये राख सोडून कडेकडेनं पेटत जातो, तसंच हे. मधली कातडी निवळत जाते आणि खरी धग त्या लाल, खवलेदार कडेवर असते.

म्हणूनच तपासणीचा नमुना कडेवरून घेतात. बोथट पात्यानं थोडे खवले काचपट्टीवर खरवडायचे, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडायचा आणि जरा थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, पण बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ती टिकते. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्या फिकट पसाऱ्यात फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांनी विभागलेले लांब तंतू स्पष्ट दिसतात. डेव्हिड ग्रुबी यांनी पॅरिसमध्ये डोक्याच्या अशाच एका रोगातली बुरशी दाखवली ती १८४१ साली. क्षयाचा जंतू सापडायला त्यानंतर चार दशकं जावी लागली!

लहान मुलांच्या डोक्यात ही बुरशी शिरली की केस मुळापाशी तुटतात, खपल्या धरतात. चाईचं तसं नाही. चाईत टक्कल गुळगुळीत असतं, कारण तिथं जंतूच नसतो; आपल्याच प्रतिकारपेशी केसांच्या मुळांवर उठलेल्या असतात. चाई संसर्गानं लागत नाही, आणि मुळं जिवंत असल्यामुळे पुष्कळांचे केस परत येतात. पाठीवरच्या पांढुरक्या शिब्याला लोक कोड समजून हबकतात. ते काम मालासेझिया या यीस्टचं. ती तुमच्या-माझ्या अंगावर एरवीही असते, आणि डोक्यातल्या कोंड्यातही तिचा हात असतो.

गजकर्णावर आपल्याकडे टाकळ्याचं बी वाटून लावत. त्यात क्रायसोफॅनिक आम्ल असतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याकडे 'गोवा पावडर' याच कामासाठी वापरली जाई. तिच्यातलं द्रव्य त्याच रासायनिक कुळातलं, पण ती मिळायची ब्राझीलच्या एका झाडापासून आणि पोर्तुगीजांमार्फत इथं यायची. १८७६च्या सुमारास लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णानं ती गजकर्णावर म्हणून लावली. दुखणं निघालं सोरायसिस, आणि त्याला उतार पडला! पुढं १९१६ साली त्या द्रव्याच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं. सोरायसिसवर ते अजून वापरतात.

आता काळजीची गोष्ट. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांतून मिळालेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळल्याची नोंद २०२३ साली झाली. तिच्या फैलावामागे बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेल्या ट्यूबांचा मोठा वाटा आहे, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. स्टेरॉइडनं खाज लगेच थांबते, लाली उतरते. पण बुरशीला हुसकावत होती ती तीच सूज! ती दबली की कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उमटतात आणि बुरशी बिनबोभाट पसरत जाते. मग अनुभवी डॉक्टरलाही रोग पटकन ओळखू येत नाही.

तेव्हा दुकानातून ट्यूब घेताना तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टेरॉइडांपैकी एक जरी नाव दिसलं, तरी ती आपल्या मनानं गजकर्णावर लावू नका. नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज जबलपुरातच आहे. तिथल्या त्वचारोग विभागात जा आणि ते वर्तुळ न लाजता दाखवा. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात कडक वाळवा. घरात आणखी कुणाला गजकर्ण असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी सुरू करा. आणि खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.