औक्षणाचं ताट रंगवताना

दिवाळी दोन महिन्यांवर आली, आणि गटागटांतून एकच विचारणा होते आहे : ताई, यंदा ताटं रंगवायला घेऊ का? घ्या की! स्टीलचं साधं ताट, चार रंग आणि दोन ब्रश एवढ्यात सुरू होणारं काम आहे. पण रंगाची बाटली उघडण्याआधी एक ठरवून घेऊ. पाडव्याला, भाऊबीजेला या ताटात काय काय असतं? निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. आणि भावाला भरवायचा पेढा. तो पेढा रंगावर ठेवला जाणार आहे का?

अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात कालवलेलं प्लास्टिक आणि त्यात रंगाची पूड, असं समजा. पाणी उडून गेलं की प्लास्टिकचा पातळ पापुद्रा उरतो. तो परत पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, झाला पक्का. पण घासणीने तो खरवडला जातो, उष्णतेने मऊ पडतो, आणि खाण्याच्या भांड्यासाठी तो बनवलेलाच नसतो. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रंगवताना अपाय नाही एवढाच. त्यावर वाढून खा, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. वरून व्हार्निश मारलं तरी फरक पडत नाही.

म्हणून ताटाचा मधला गोल कोरा ठेवायचा. मोठा डबा पालथा घालून पेन्सिलीने गोल आखा, नक्षी फक्त काठाकडे. निरांजनाचा बूड तापतो, तोही या कोऱ्या स्टीलवरच बसेल.

आता काठावर काढायचं काय? मोर आणि कमळ बाजारात छापील मिळतं, तेही आपल्यापेक्षा स्वस्तात. आपण गंमत काढू. पोरं अंगणात किल्ला करतात ना, त्याचे बुरूज काठाने फिरवा. एक मावळा डुलकी घेतोय आणि त्याच्या भाल्याला आकाशकंदील अडकलाय. करंज्यांची मिरवणूक निघालीय, शेवटचीचं सारण सांडतंय आणि मुंग्या मागे लागल्यात. चकलीला दोन शिंगं, दोन डोळे काढले की झाली गोगलगाय! असं ताट पोरगी हातातून सोडत नाही, मग आई भाव करत बसत नाही. देवाचं चित्र मात्र मी काढू देत नाही. ताट धुताना त्यावरून हात फिरतो, ते कुणालाच बरं वाटत नाही. बारीक ठिपक्यांना ब्रश नको, काडेपेटीची काडी उलटी धरून बुडवा.

गुळगुळीत स्टीलवर रंग धरत नाही. आधी साबणाने ताट धुऊन तेलकटपणा घालवा आणि कोरडं करा. रंगवायचा काठ तेवढा पॉलिश पेपरने खरखरीत करा, मधल्या गोलाला लावू नका. मग काठाला धातूसाठीचा प्रायमर, तो वाळला की रंगाचे पातळ दोन हात. एकच जाड हात दिला तर पापुद्रा निघतो. नक्षी झाल्यावर दोन दिवसांनी पाण्यात मिसळणारं व्हार्निश लावा. लाकडाला मारतात ते पिवळसर नको, पांढरा रंग मळकट दिसायला लागतो.

वेळेचा हिशेब इथेच चुकतो. रंग अर्ध्या तासात हाताला सुकल्यासारखा लागतो, पण आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. वसुबारसेच्या आदल्या रात्री रंगवलेलं ताट भाऊबीजेला द्यायच्या लायकीचं नसतं. तेव्हा रंगकाम दसऱ्याच्या आत उरका.

ताटासोबत छोटी चिठ्ठी द्या : हे ताट औक्षणासाठी आहे, रंगावर खाण्याचं ठेवू नका, भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. काही जणी म्हणतात, असं लिहिल्यावर कोण घेईल? औक्षणासाठी हवं असेल ती घेईल. न सांगता विकलं, तिने त्यात चिवडा वाढला, ताट घासलं आणि रंग सुटला, तर ताटामागे गटाचं नाव आहे. त्याच नावाने आपण पापडही विकतो. कुणी जेवायची ताटं रंगवून मागितली तर सरळ नाही म्हणा. फार आग्रह झाला तर फराळासाठी काचेची बशी घ्या आणि मागच्या बाजूने रंगवा, खाणं वरच्या साध्या काचेवर राहील. तिथे काम उलटं चालतं : डोळे आधी, मग चेहरा, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. तीही भिजत घालायची नाहीच.

किंमत लावताना आपले तास धरा. समजा ताट 80 रुपयांचं, रंग-व्हार्निश 20 रुपयांचं, आणि दोन तासांचे 100. म्हणजे 200 रुपये आपल्यालाच पडलं. 150 ला दिलं तर आपली निम्मी मजुरी फुकट गेली.

ताटं एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र घातलं तर ते रंगाला चिकटतं आणि गोगलगायीच्या पाठीवर कालच्या बातम्या उमटतात.