डायलिसिसचे रिकामे खोके: काय ठेवाल, काय द्याल?

घरी पोटाचे डायलिसिस (सीएपीडी) करणाऱ्या रुग्णाला सहसा दिवसाला 2 लिटरच्या 3 ते 4 पिशव्या लागतात. म्हणजे महिन्याला 90 ते 120 पिशव्या आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वन रूम किचनमध्ये त्यांचे करायचे काय?

खोका वैद्यकीय कचरा आहे का?
नाही. स्वच्छ, कोरडा पुठ्ठा सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे द्या. वापरलेल्या पिशव्या आणि नळ्या त्यात टाकू नका. त्या डायलिसिस युनिटने सांगितल्याप्रमाणे वेगळ्या द्या. नाव-पत्त्याचे लेबल आधी फाडा.

घरात कशासाठी वापराल?
पुस्तके, जुने कपडे, चपला ठेवण्यासाठी. पुठ्ठ्यातील पन्हाळी उभ्या राहतील असा खोका ठेवल्यास तो जास्त वजन पेलतो.

काय टाळाल?
नव्या पिशव्या जुन्या खोक्यात भरू नका. खोक्यावर ग्लुकोजचे प्रमाण (1.5, 2.5 किंवा 4.25 टक्के) आणि मुदत छापलेली असते. प्रमाणाची गल्लत झाली, तर शरीरातून पाणी कमी किंवा जास्त निघते.

पावसाळ्यात काय?
ओलसर पुठ्ठ्याला बुरशी लागते, झुरळे होतात. पिशवी बदलण्याच्या जागी तो नको. तिथे स्वच्छता ढळली तर पोटात जंतुसंसर्गाचा धोका असतो. उल्हास, वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांनी भरलेले खोकेही जमिनीपासून उंच ठेवावेत.