विश्लेषण : केमोला दाद न देणारा कॅन्सर प्रकाशापुढे नमेल का?

केमोनंतर गाठ आकसते, घरच्यांच्या जिवात जीव येतो. काही महिन्यांनी ती पुन्हा वाढते आणि या वेळी तेच औषध चालत नाही. डॉक्टर सांगतात, 'रेझिस्टन्स आलाय.' म्हणजे नेमकं काय झालं?

कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे पेशीच्या आवरणातलं पी-ग्लायकोप्रोटीन. औषधाला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये ते १९७६ मध्ये आढळलं. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं हे प्रथिन आत आलेलं औषध बाहेर फेकतं. बरं, हा पंप एकाच औषधापुरता नाही. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, विन्क्रिस्टिन ही वेगवेगळी औषधंही तो उपसतो. त्यामुळे औषध बदलूनही कधीकधी हाती काही लागत नाही.

प्रकाश काय करतो?

फोटोडायनॅमिक थेरपीत दिलं जाणारं रसायन अंधारात जवळपास निरुपद्रवी असतं. ते गाठीत साठलं की तिथे ठरावीक, बहुतेकदा लाल, प्रकाश टाकतात. रसायन ती ऊर्जा शोषून जवळच्या ऑक्सिजनला देतं आणि 'सिंग्लेट ऑक्सिजन' तयार होतो. तो काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढ्यात आसपासची प्रथिनं आणि पटलं निकामी करतो. मायटोकॉन्ड्रियाला इजा झाली, तर पंपाला लागणारी ऊर्जाही आटते. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसल्यावर पेशीला पळवाट काढणं अवघड जातं. म्हणूनच केमोला दाद न देणाऱ्या पेशीही प्रयोगशाळेत या पद्धतीने मारता आल्या आहेत.

उपचार तसा जुना आहे. कॅनडाने १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी 'फोटोफ्रिन'ला मंजुरी दिली. जपानने २०२० मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी, प्रकाशाने जागं होणारं रसायन अँटिबॉडीला जोडलेल्या औषधाला परवानगी दिली.

मग सगळीकडे का वापरत नाहीत?

लाल प्रकाश शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. खोलवरच्या गाठीपर्यंत ऑप्टिकल फायबरने पोहोचता येतं, पण अंगभर पसरलेल्या कॅन्सरचं काय? ज्या गाठीत ऑक्सिजनच कमी, तिथे परिणामही कमी. शिवाय एबीसीजी२ नावाचा दुसरा पंप यातली काही रसायनंही बाहेर फेकतो. म्हणजे इथेही पंपापासून पूर्ण सुटका नाहीच.

रुग्णालाही जपावं लागतं. फोटोफ्रिननंतर किमान ३० दिवस ऊन आणि घरातला प्रखर उजेड टाळायचा. नेहमीचं सनस्क्रीन इथे कामाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध साध्या दिसणाऱ्या उजेडानेच जागं होतं.